टोकियोत पहिल्यांदाच एकटीने आठ दिवस : आधी काय पक्के करावे आणि काय मोकळे सोडावे?

सांजवात

नमस्कार.

येत्या नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात मी आठ दिवसांसाठी टोकियोला जाणार आहे. परदेश मी पूर्वी पाहिला आहे, पण एकटीने कधीच नाही. माझे वय ४७ आहे. आजवरच्या प्रत्येक प्रवासात तिकिटे, नकाशे, चौकशा हे सारे कोणीतरी दुसरे पाहत असे आणि मी नुसती बरोबर चालत असे. या वेळी जिच्यासोबत जायचे ठरले होते त्या मैत्रिणीला घरच्या अडचणीमुळे बेत सोडावा लागला, तिकीट माझ्या हातात राहिले, आणि दोन दिवस विचार केल्यावर लक्षात आले की न जाण्याचे एकही खरे कारण माझ्याजवळ नाही.

भीती मात्र आहे, आणि ती नेमकी कशाची हे लिहिल्याशिवाय सल्ला मागणे योग्य होणार नाही. चोरी किंवा हल्ला यांची मला फारशी धास्ती वाटत नाही. स्थानकाच्या भलत्याच बाजूने बाहेर पडावे, एकही अक्षर वाचता येऊ नये आणि रात्री नऊ वाजता हॉटेल सापडू नये, या प्रसंगाची मला भीती वाटते. उपाहारगृहात एकटीने शिरताना पाऊल अडेल असे वाटते. त्यात मी शाकाहारी आहे. आणि दिवसभर कोणाशी चार शब्दही न बोलता संध्याकाळी एका लहानशा खोलीत परतायचे, हे आठ दिवस मला झेपेल का, याची खात्री नाही.

मी आठ दिवसांचा तासवार तक्ता केला असून त्यात ४३ ठिकाणे बसवली आहेत, शिवाय एका दिवसात क्योतोला जाऊन परत येण्याचाही विचार आहे. राहण्यासाठी शिंजुकु स्थानकाजवळचे हॉटेल पाहून ठेवले आहे, कारण तेथून सगळीकडे गाड्या जातात असे वाचले. हॉटेलची निवड बरोबर आहे का, तक्ता पेलण्याजोगा आहे का, आणि एकट्या माणसाने कोणत्या गोष्टी निघण्यापूर्वीच ठरवून ठेवाव्यात, हे जाणकारांनी सांगावे. पाहण्यासारख्या ठिकाणांची यादी नको आहे; ती माझ्याजवळ गरजेपेक्षा मोठी आहे.

वाटसरू

सांजवात, नमस्कार. तुमची पहिली भीती रास्त आहे, आणि ती खरी ठरण्याची सर्वांत जास्त शक्यता तुम्ही निवडलेल्या हॉटेलामुळेच आहे, म्हणून तेथूनच सुरुवात करतो.

शिंजुकु हे प्रवासीसंख्येने जगातील सर्वांत गजबजलेले स्थानक म्हणून ओळखले जाते. जेआर, ओदाक्यू, केइओ, टोकियो मेट्रो आणि तोएई अशा पाच रेल्वेंचे फलाट तेथे एकमेकांत गुंतलेले आहेत आणि बाहेर पडण्याची दारे २०० हून अधिक आहेत. कामानिमित्त मी त्या शहरात चार वर्षे काढली, तरी पहिल्याच आठवड्यात पश्चिमेच्या दाराऐवजी पूर्वेच्या दाराने बाहेर आलो आणि रुळांपलीकडे डोळ्यांना दिसत असलेल्या इमारतीपर्यंत दोन बॅगा ओढत पोहोचायला मला पाऊण तास लागला. सोबत कोणी असले की अशा चुकीची पुढे गोष्ट होते. एकट्याने, विमानप्रवासाच्या थकव्यात आणि अंधारात तीच चूक पहिल्या रात्रीची झोप घालवते. शिंजुकुतून सगळीकडे गाड्या जातात हे खरे आहे, पण तुम्हाला सगळीकडे जाणाऱ्या गाड्यांपेक्षा एकच सोपे स्थानक अधिक उपयोगी पडेल.

माझा सल्ला असाकुसा किंवा उएनो या भागांचा आहे. तोएईच्या असाकुसा मार्गावर नारिता आणि हानेदा या दोन्ही विमानतळांवरून थेट गाड्या येतात, त्यामुळे सामानासह गाडी बदलावी लागत नाही. उएनोला नारिताहून स्कायलायनर गाडी येते आणि तेथून यामानोते, गिंझा व हिबिया असे तीन उपयोगाचे मार्ग मिळतात. नारिता शहरापासून सुमारे ६० किलोमीटर दूर आहे, हानेदा मात्र टोकियोच्याच हद्दीत आहे. विमान रात्री उशिरा उतरणार असेल तर हा फरक फार मोठा ठरतो, कारण शहरातील गाड्या साधारण मध्यरात्री ते एक या वेळेत बंद होतात आणि पहाटे साडेचार-पाचपर्यंत पुन्हा सुरू होत नाहीत. तुमचे विमान रात्री नऊनंतर उतरणार असेल तर पहिली रात्र विमानतळाजवळच्या हॉटेलात काढावी, असे मी आग्रहाने सांगेन.

हॉटेल स्थानकापासून किती मिनिटांवर आहे एवढेच पाहून थांबू नये. स्थानकाच्या कोणत्या क्रमांकाच्या दाराने बाहेर पडायचे ते पाहावे, आणि त्या दाराला उद्वाहक आहे की नुसत्या पायऱ्या आहेत तेही पाहावे. स्थानकांत बाहेर जाण्याच्या दारांच्या पाट्या पिवळ्या असतात आणि त्यांवर ए१, बी३ असे क्रमांक रोमन अक्षरांत असतात. या पाट्यांच्या मागे चालत राहणे आणि जमिनीवर येईपर्यंत फोनचा नकाशा न उघडणे ही सवय पहिल्याच दिवशी लावून घ्यावी, कारण जमिनीखाली तो नकाशा हमखास फसवतो.

अक्षरे वाचता येत नसल्याची काळजी भुयारी रेल्वेत जवळजवळ नाहीशी होते. प्रत्येक मार्गाला एक रंग व एक अक्षर आणि प्रत्येक स्थानकाला एक क्रमांक आहे. उदाहरणार्थ, गिंझा मार्गावर शिबुया जी०१, गिंझा जी०९, उएनो जी१६ आणि असाकुसा जी१९ आहे. तुम्ही उएनोला गाडीत बसलात आणि पुढचे स्थानक जी१७ आले तर तुम्ही असाकुसाकडे चालला आहात; जी१५ आले तर उलट दिशेला. उतरावे, समोरच्या फलाटावर जावे, विषय संपला. जमिनीवरून धावणारा यामानोते हा हिरवा मार्ग ३४.५ किलोमीटरचा वर्तुळाकार असून त्यावर ३० स्थानके आहेत आणि पूर्ण फेरीला साधारण एक तास लागतो. त्यावर उलट दिशेची गाडी पकडली तरी वेळ थोडा जास्त लागेल, पण तुम्ही आपल्या स्थानकावर याल. पहिल्या दिवशी दुपारी, गर्दी नसताना, खिडकीशी बसून ही पूर्ण फेरी मुद्दाम करावी. त्या एका तासात शहराचा आकार मनात बसतो.

तिकिटांसाठी सुईका किंवा पास्मो हे आधी पैसे भरून वापरायचे कार्ड घ्यावे. पर्यटकांसाठीचे वेलकम सुईका २८ दिवस चालते, पण त्यातील उरलेली रक्कम परत मिळत नाही, म्हणून थोडी-थोडी भरावी. टोकियो मेट्रोचे नऊ आणि तोएईचे चार मार्ग मिळून चालणारा २४, ४८ किंवा ७२ तासांचा पासही आहे; मात्र तो जेआरच्या गाड्यांवर, म्हणजे यामानोतेवर, चालत नाही. पहिल्यांदा येणारे अनेक जण येथेच गोंधळतात.

पत्त्यांविषयी थोडेसे. तेथे बहुतेक रस्त्यांना नावे नाहीत. पत्ता हा भाग, मग चोमे (त्या भागाचा क्रमांकित उपविभाग), मग गट आणि शेवटी इमारतीचा क्रमांक अशा उतरंडीने असतो. त्यामुळे रस्त्याचे नाव सांगून कोणाला वाट विचारता येत नाही. हॉटेलचे नाव व पत्ता जपानी लिपीत कागदावर छापून पर्समध्ये ठेवावा. फोन बंद पडला तरी कागद बंद पडत नाही. वाट पूर्णच चुकली तर कोबान शोधावी. कोबान म्हणजे मोठ्या स्थानकांजवळ आणि वस्त्यांमध्ये असणारी लहान पोलीस चौकी. वाट सांगणे हे तेथील पोलिसांच्या रोजच्या कामातलेच काम आहे, त्यांच्याजवळ परिसराचे नकाशे असतात, आणि कागद पुढे केला की बोलण्याची गरजही फारशी पडत नाही.

आता तक्ता. ४३ ठिकाणांपैकी निम्मी आजच खोडावीत. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात टोकियोत साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, हे तक्ता करताना तुम्ही बहुधा धरलेले नाही. क्योतोला सर्वांत जलद नोझोमी गाडीनेही एका बाजूने सव्वादोन तास लागतात. इतका खर्च करून आणि अंधार पडण्याच्या धास्तीने धावत ते शहर पाहणे हा त्या शहरावर अन्याय होईल. बाहेर जायचेच असेल तर कामाकुराला जावे. टोकियो स्थानकातून योकोसुका मार्गाने साधारण तासाभरात, गाडी न बदलता पोहोचता येते, आणि कोतोकु-इन मंदिरातील उघड्या आकाशाखाली बसलेली ब्राँझची बुद्धमूर्ती पाहायला एकट्याने जाणे हाच उत्तम मार्ग आहे, असे माझे मत आहे.

बाकी दिवस मोकळे सोडावेत. सकाळी एक ठिकाण ठरवावे आणि नंतर पाय नेतील तिकडे जावे.

केतकी

वाटसरू यांनी हॉटेल आणि स्थानकांविषयी लिहिलेले सर्व मला मान्य आहे. शेवटच्या दोन वाक्यांशी मात्र मी नम्रपणे असहमत आहे. मी ५१ व्या वर्षी टोकियोत एकटी नऊ दिवस राहिले. सकाळ आणि दुपार मोकळी सोडण्यास काहीच हरकत नाही, कारण दिवसा ते शहर तुम्हाला हाताला धरून फिरवते. पण संध्याकाळ मोकळी सोडू नये. साडेचारला अंधार पडतो, पाय दुखत असतात, झोपायला अजून पाच तास असतात, आणि पुढे काय करायचे हे विचारायला शेजारी कोणी नसते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता मी खोलीतल्या पलंगाच्या कडेला बूट न काढताच बसले होते आणि मला रडू येत होते. काही वाईट घडले नव्हते; दिवस उत्तम गेला होता. दिवसभर प्रत्येक लहान निर्णय एकटीने घेतल्यावर जेवायला कोठे जायचे हा शेवटचा निर्णय माझ्याने होईना. बिस्किटे खाऊन झोपले.

चौथ्या दिवसापासून मी एक नियम केला : पुढच्या संध्याकाळचे जेवण आणि जेवणानंतरची एक जागा आदल्या रात्रीच ठरवायची, दिवस मात्र सकाळी उठून ठरवायचा. त्यानंतर तो प्रसंग पुन्हा आला नाही. तुमच्या तक्त्याला म्हणूनच मी वाईट म्हणणार नाही. त्याचा सकाळचा भाग फाडावा आणि संध्याकाळचा जपून ठेवावा.

संध्याकाळसाठी मला लाभलेल्या जागा सांगते. ही यादी नसून माझा अनुभव आहे. शिंजुकुतील टोकियो महानगर शासनाच्या इमारतीत ४५ व्या मजल्यावर, २०२ मीटर उंचीवर, विनामूल्य निरीक्षण कक्ष आहे. ही इमारत वास्तुरचनाकार केन्झो तांगे यांनी रचलेली. तेथे कितीतरी माणसे एकटीच काचेशी उभी असतात आणि कोणीही कोणाकडे पाहत नाही. असाकुसाचे सेन्सोजी मंदिर रात्री दिव्यांनी उजळलेले असते. मुख्य सभामंडप पाच वाजता बंद होतो, पण आवार उघडे राहते आणि दिवसाची दाटी ओसरलेली असते. मंदिरासमोरील कामिनारी दारापलीकडे, म्हणजे रस्ता ओलांडून, असाकुसाचे पर्यटन माहिती केंद्र आहे. केन्गो कुमा यांनी रचलेल्या त्या इमारतीच्या आठव्या मजल्यावरील गच्चीतून मंदिराचा संपूर्ण रस्ता दिसतो. असाकुसाला राहिलात तर हे सर्व हॉटेलपासून पायी होईल, आणि परतीच्या गाडीची चिंता राहणार नाही.

एकटीने जेवण्याविषयी तुमची कल्पना मी समजू शकते, कारण माझीही तीच होती. पण या बाबतीत पहिल्यांदा एकटीने जाण्यासाठी टोकियोपेक्षा सोयीचे शहर मला माहीत नाही. एकट्या व्यक्तीसाठी तेथे ‘ओहितोरिसामा’ असा आदरार्थी शब्दच आहे. असंख्य उपाहारगृहांत स्वयंपाकाच्या ओट्यासमोर एकेकट्यासाठी ओळीने खुर्च्या असतात, आणि समूहाने आलेल्यांना ताटकळत उभे राहावे लागते तेव्हा एकटीला आधी जागा मिळते. आत शिरताना एक बोट दाखवून ‘हितोरी देस’ म्हणावे, म्हणजे ‘मी एकटीच आहे’. हे दोन शब्द मोठ्याने म्हणण्याचा घरी सराव करावा, असे मी मनापासून सांगते. पहिल्यांदा ते म्हणताना माझा आवाज कापत होता आणि तिसऱ्या दिवशी त्यांत काही विशेष उरले नव्हते. अनेक ठिकाणी दाराशीच यंत्र असते. त्यात पैसे टाकून पदार्थाचे बटण दाबायचे आणि आलेली चिठ्ठी ओट्यावर ठेवायची, म्हणजे बोलण्याचीही गरज नाही. टिप ठेवू नये. तेथे तशी पद्धत नाही. इझाकायात, म्हणजे मद्यासोबत खाण्याचे पदार्थ देणाऱ्या उपाहारगृहात, बसल्यावर न मागता एक लहानशी वाटी पुढे येते, तिला ओतोशी म्हणतात आणि तिचे पैसे बिलात लागतात. ती फसवणूक नव्हे.

शाकाहाराचा प्रश्न मात्र खरोखर अवघड आहे आणि तो हलका करून सांगणे बरोबर होणार नाही. मांस दिसते, म्हणून टाळता येते. अडचण दाशीची आहे. दाशी म्हणजे जपानी स्वयंपाकाचा मूळ अर्क, आणि तो बहुधा कात्सुओबुशी, म्हणजे वाळवलेल्या बोनिटो माशाच्या पापुद्र्यांपासून करतात. भाजीचे सूप, सोबा शेवयांसोबतचा थंड रस, शिजवलेला भोपळा, तळून मुरवलेला तोफू या सर्वांत तो असू शकतो. वाढणाऱ्या व्यक्तीने ‘यात मासा नाही’ असे प्रामाणिकपणे सांगितले तरी तिच्या मनात माशाचा तुकडा असतो, अर्क नसतो. पाकिटावरच्या ॲलर्जीच्या तक्त्यावरही विसंबू नये, कारण अंडी, दूध, गहू यांची नोंद सक्तीची असली तरी बोनिटोची नाही. ‘मांस, मासे आणि माशांपासून केलेली दाशी मी खात नाही’ असे जपानीत लिहिलेले कार्ड सोबत ठेवावे. बौद्ध मठांतील शोजिन र्योरी ही परंपरा पूर्णपणे वनस्पतिजन्य आहे. ते जेवण महाग असते आणि आधी सांगून ठेवावे लागते, पण आठ दिवसांत एक संध्याकाळ त्यासाठी अवश्य राखावी. अडचणीच्या वेळी कोन्बिनीतील (गल्लोगल्ली असणाऱ्या लहान दुकानांतील) उमेबोशीचे, म्हणजे खारवलेल्या आंबट फळाचे, ओनिगिरी (भाताचे गोळे), केळी आणि भाजलेली रताळी यांवर माझे अनेक दुपारचे जेवण झाले.

एकट्या स्त्रीने दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. सकाळच्या गर्दीत लोकलमध्ये नको ते स्पर्श होण्याचे प्रकार तेथेही घडतात. म्हणूनच अनेक मार्गांवर कामाच्या दिवशी सकाळी केवळ स्त्रियांसाठी डबा राखीव असतो आणि फलाटावर त्याची जागा गुलाबी खुणेने दाखवलेली असते. तो डबा वापरावा, किंवा सरळ साडेनऊनंतर बाहेर पडावे. दुसरी गोष्ट म्हणजे काबुकिचोसारख्या रात्रीच्या वस्तीत रस्त्यात अडवून ‘आमच्याकडे या’ म्हणणाऱ्या कोणाच्याही मागे जाऊ नये, मग तो कितीही सभ्य वाटो आणि कितीही स्वस्त दर सांगो.

तळटीप

वरील दोघांनी न लिहिलेल्या तीन गोष्टी थोडक्यात नोंदवतो.

औषधे : सर्दीच्या काही गोळ्यांत असणारे स्यूडोएफेड्रीन १० टक्क्यांहून अधिक असेल तर ते औषध जपानमध्ये नेण्यास बंदी आहे, आणि कोडीनयुक्त औषधांनाही कडक नियम आहेत. डॉक्टरांनी लिहून दिलेली इतर औषधे एक महिन्यापुरती चालतात. त्याहून अधिक हवी असल्यास ‘युन्यू काकुनिन-शो’ हे प्रमाणपत्र आधी काढावे लागते. आपल्या पेटीतील प्रत्येक गोळीचा घटक वाचून घ्यावा. ‘साधीच गोळी आहे’ हे उत्तर सीमाशुल्क अधिकाऱ्यापुढे चालत नाही.

पारपत्र : अल्पकाळासाठी आलेल्या परदेशी व्यक्तीने पारपत्र सतत जवळ बाळगणे हा तेथील कायदा आहे. ते हॉटेलात ठेवून प्रत घेऊन फिरणे पुरेसे नाही.

रोख : कार्डे बहुतेक ठिकाणी चालतात, तरी लहान उपाहारगृहे, देवळे आणि जुनी यंत्रे येनच्या नोटा व नाणीच मागतात. सेव्हन-इलेव्हनमधील आणि टपाल कार्यालयांतील यंत्रांतून परदेशी कार्डावर पैसे निघतात. जुलै २०२४ मध्ये नव्या नोटा आल्या असून काही जुनी यंत्रे त्या घेत नाहीत, म्हणून १०० येनची नाणी साठवत जावीत.

सांजवात

तिघांचेही मनापासून आभार. केतकीताई, तुमचे पलंगाच्या कडेला बसण्याचे वाक्य मी तीनदा वाचले. मला ज्याची भीती होती ते नेमके तेच होते, आणि ते दुसऱ्या कोणाला झाले होते हे कळल्यावर ती भीती पुष्कळ कमी झाली.

शिंजुकुचे हॉटेल रद्द केले. असाकुसात, स्थानकापासून पाच मिनिटांवर, ज्या दाराला उद्वाहक आहे त्याच बाजूला खोली घेतली. क्योतो काढून टाकले आणि ठिकाणे १६ वर आणली. आता दोन प्रश्न उरले आहेत. एकटी असताना आजारी पडले किंवा भूकंप झाला तर नेमके काय करायचे? आणि घरच्यांना रोज किती वेळा कळवावे? त्यांना दर दोन तासांनी संदेश हवा आहे, आणि तसे केले तर मी तेथे असून नसल्यासारखी राहीन असे मला वाटते.

नदीकाठ

आजारपणाविषयी आधी लिहितो, कारण भूकंपापेक्षा त्याची शक्यता अधिक आहे. जपानमध्ये पोलिसांसाठी ११० आणि रुग्णवाहिका व अग्निशमनासाठी ११९ हे क्रमांक आहेत. रुग्णवाहिकेचे पैसे लागत नाहीत. उपचारांचे मात्र लागतात आणि ते जास्त असतात, त्यामुळे प्रवासी विमा असल्याशिवाय निघू नये. जपानच्या राष्ट्रीय पर्यटन संस्थेचा ०५०-३८१६-२७८७ हा मदत क्रमांक चोवीस तास चालतो. तेथे इंग्रजीत बोलता येते, आणि आजारपण, अपघात किंवा आपत्ती अशा कोणत्याही प्रसंगी पुढे कोठे जायचे ते सांगतात. हा क्रमांक फोनमध्ये आणि हॉटेलच्या पत्त्याच्या कागदावरही असावा. मला तेथे ताप आला होता तेव्हा हॉटेलच्या स्वागतकक्षातील मुलीने जवळच्या दवाखान्याला फोन करून माझी वेळ ठरवली आणि कागदावर वाट काढून दिली. एकट्याने प्रवास करताना स्वागतकक्षात रोज सकाळी नमस्कार करून जाणे हा केवळ शिष्टाचार नाही. तुम्ही एखाद्या दिवशी खाली आला नाहीत तर ते लक्षात येणारे शहरात तेवढेच लोक असतात.

भूकंपाविषयी : लहान धक्के तेथे नेहमीचे आहेत, आणि आठ दिवसांत एखादा जाणवला तर त्यात नवल नाही. मोठा धक्का अपेक्षित असेल तर काही सेकंद आधी सगळ्यांचे फोन एकदम मोठ्याने वाजू लागतात. तो आवाज प्रथम ऐकताना छातीत धस्स होते, पण तो सावधगिरीसाठी आहे. खोलीत असाल तर टेबलाखाली शिरून डोके सांभाळावे, धक्का चालू असताना बाहेर धावू नये आणि नंतर उद्वाहक वापरू नये. रस्त्यावर असाल तर काचा व पाट्यांपासून दूर व्हावे. तेथील बातम्यांत ‘शिंदो’ हा आकडा सांगतात. तो रिश्टरसारखा भूकंपाची एकूण शक्ती दाखवत नाही. त्या-त्या ठिकाणी किती हादरले ते दाखवतो आणि तो ० ते ७ असा असतो. टीव्हीवर शिंदो ३ दिसला तर जेवण चालू ठेवावे. ‘सेफ्टी टिप्स’ हे विनामूल्य ॲप जपानच्या पर्यटन खात्याच्या देखरेखीखाली तयार झालेले आहे आणि ते इंग्रजीत सूचना देते. निघण्यापूर्वीच ते फोनवर घ्यावे.

घरच्यांना दर दोन तासांनी संदेश पाठवण्याचे कबूल करू नये, आणि त्याचे कारण तुमचे स्वातंत्र्य एवढेच नाही. एखादा संदेश चुकला, तुम्ही संग्रहालयात असलात किंवा फोनची बॅटरी संपली, की घरी घबराट उडेल आणि खरी गरज असताना कोणते मौन गंभीर मानायचे हेच त्यांना कळणार नाही. त्याऐवजी दोनच वेळा ठरवाव्यात : सकाळी निघताना कोणत्या भागात जात आहे हे सांगणारे एक वाक्य आणि रात्री खोलीवर परतल्याचे एक वाक्य. रात्रीचा संदेश अमुक वेळेपर्यंत आला नाही तर त्यांनी आधी हॉटेलला फोन करावा, हेही त्यांना आजच लिहून द्यावे. त्यांच्या हातात करण्यासारखे काही असले की ते शांत राहतात.

केतकी

नदीकाठ यांच्या दोन संदेशांच्या सल्ल्याला माझा पूर्ण दुजोरा आहे. मीही तसेच केले होते.

सांजवात, तुमच्या १६ ठिकाणांत बहुधा उएनोचे टोकियो राष्ट्रीय संग्रहालय असेलच. ते १८७२ पासूनचे असून एका दिवसात संपत नाही, त्यामुळे तेथे जाल त्या दिवशी दुसरे काही ठेवू नये. त्याच भागात निप्पोरी स्थानकाच्या पश्चिमेला यानाका ही वस्ती आहे. १९२३ चा भूकंप आणि १९४५ ची बाँबफेक या दोन्हींतून ती बऱ्याच प्रमाणात वाचली, म्हणून तेथे जुनी लाकडी घरे, देवळे आणि अरुंद गल्ल्या अजून आहेत. नकाशा बंद करून वाट चुकण्याचा सराव करायचा असेल तर तो यानाकात करावा, दुपारी दोनच्या सुमारास. पाय थकले तर आराकावा ट्राममध्ये बसावे. तोएईची ती एकच ट्राम आता उरली आहे. मिनोवाबाशी ते वासेदा असे १२.२ किलोमीटर ती लोकांच्या परसदारांजवळून हळूहळू जाते, आणि शाळेतून परतणाऱ्या मुलांच्या व पिशव्या घेतलेल्या आजींच्या शेजारी बसल्यावर आपण दिवसभर कोणाशी बोललो नाही ही गोष्ट मनाला बोचत नाही.

तारखांबाबत एक सूचना. राष्ट्रीय संग्रहालय साधारणपणे सोमवारी बंद असते, पण २३ नोव्हेंबर ही तेथे सार्वजनिक सुट्टी आहे. ती सोमवारी आली तर संग्रहालय त्या दिवशी उघडे असते आणि मंगळवारी बंद असते. तुमच्या तक्त्यात उएनोचा दिवस कोणत्या वारी आहे ते आज पाहून घ्यावे.